पाटे परत मागणारे मिस्त्री

आमच्या भाऊजींना कोणाच्या लग्नाला न्यायचं म्हणजे आम्हाला आदल्या दिवसापासून धास्ती असे. मांडवाशी पोचले की यजमानांना रामराम करायच्या आधी ते विचारत, "वऱ्हाडाची गाडी कुठी उभी हाये?" थोड्या वेळाने त्या गाडीखालून पांढऱ्या धोतरातले दोन पायच तेवढे बाहेर दिसत. उताणे पडून ते मागच्या चाकावरच्या कमानीचे लोखंडी पाटे हाताने चाचपून मोजत. भोवती पोरं जमत. नवरदेवाकडचा कोणीतरी विचारी, "कोन हाये हो हा बाबा?" मग मला किंवा अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, पुढे होऊन सांगावं लागे की हे आमचेच. सांगताना अक्का पदर तोंडाशी धरी. मी घड्याळाकडे पाहत असे.

त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. मोताळ्याच्या बाहेर, मलकापूरच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं शेड होतं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या छोट्या मालगाड्या या हातातून त्या हातात विकल्या जात आमच्या भागात आल्या होत्या. पुढे दोघांची बसायची जागा, मागे उघडा हौदा. लोक त्यांना पिकप म्हणत. बहुतेक कुठल्या तरी बाभळीखाली गंजत पडलेल्या असत. भाऊजी त्या शेडमध्ये आणत, इंजिन उतरवून रॉकेलने धूत, डावीकडचं स्टेअरिंग उजवीकडे घेत, सुताराला बसवून हौद्याला नव्या फळ्या लावत. दोन-तीन महिन्यांनी तीच गाडी मिरच्या भरून बाजाराला जाताना दिसे. "गाडी मरत नाई, मालक कटाळते," असं ते म्हणत.

त्यांची स्वतःची पिकप टोचनसाठी, म्हणजे बंद गाड्या ओढून आणायला होती. राजूरच्या घाटात एखादी गाडी बंद पडली की निरोप मोताळ्याला येई आणि भाऊजी दोर आणि लोखंडी दांडा हौद्यात टाकून निघत. "चढाले दोर चालते, उताराले दांडाच पाहिजे. दोरानं बांधलेली गाडी उतारावर आपल्याच अंगावर येते," हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी ते झोपेत म्हटलं असतं. घाटात पोचल्यावर बिचारा ड्रायव्हर रडकुंडीला आलेला असे आणि हे खाली उतरत विचारत, "काय पाव्हणं, बसली काय म्हैस?" तोही मग हसे.

ज्या कामाने त्यांचं नाव झालं ते मात्र वेगळं होतं. पिकपला मुळात जितके पाटे असतात त्यावर आणखी दोन टाकायचे आणि हौदा मागे हातभर वाढवायचा. एवढं केलं की एका खेपेत दीडपट माल जाई. मी मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होतो, मालाचं वजन हा माझा रोजचा विषय. भाऊजींच्या गाडीने मालकाच्या किती खेपा वाचतात याचा हिशेब मी शेडमध्ये बसून कोणालाही तोंडी करून दाखवत असे आणि गिऱ्हाईक खूश होई. अशा अकरा गाड्या त्यांनी केल्या.

त्यांतली एक सुखदेव चालवत असे. तो धामणगाव बढ्याचा, पंचविशीचा, गाडी जपून हाकणारा. कांद्याची पोती भरून घाट उतरताना एका वळणावर ब्रेक लागेना. दरीकडे न जाऊ देता त्याने गाडी डोंगराला घातली. जीव वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पंचनाम्यात आलं की चालकाने गाडी वेगात हाकली. मालकही तेच म्हणाला. सुखदेव दवाखान्यात होता, त्याला कोणी विचारलं नाही. भाऊजींचं नाव कुठेच आलं नाही. आम्हा घरच्यांना सुटल्यासारखं वाटलं.

ती मोडलेली गाडी भाऊजींनीच दांडा लावून खाली आणली आणि शेडपुढे उभी केली. मी गेलो तेव्हा ते तिच्याखाली होते.

"या साळेबुवा," ते आतून म्हणाले. "पाहा. एक बी पाटा मोडला नाई."

मला वाटलं, अभिमानाने सांगतात. मी म्हणालो, "म्हणजे तुमचं काम चोख होतं."

"चोख होतं म्हनूनच पाय गेला त्याचा. जुने पाटे असते तं एवढ्या मालानं मळ्यातच मोडले असते, गाडी घाटात आलीच नसती." ते बाहेर आले आणि हात पुसत बसले. "म्या ओझं वाढवलं. ब्रेक होता तेवढाच ठेवला. माह्या ध्यानातच आलं नाई."

दुसऱ्या आठवड्यापासून ते मालकांच्या दारी जाऊ लागले. उरलेल्या दहा गाड्यांचे वाढीव पाटे त्यांना परत हवे होते. अक्काने मला सोबत जायला लावलं. "भाऊ, तू संग जाय. हे कोनाच्या दारात काय बोलतीन, काई भरोसा नाई." तिची भीती खरी ठरली. प्रत्येक ओसरीवर भाऊजी हात जोडून आपला गुन्हा पहिल्यापासून सांगत. पंचनाम्याने जे झाकलं होतं ते हे उघडं करून दाखवत. ऐकणारे आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत, की याचं डोकं ठिकाणावर आहे ना. मी टोपी काढून पुन्हा घालत असे. दुसरं काय करणार?

उंद्रीचे एक मालक मोठे थट्टेखोर होते. ते चार माणसांत म्हणाले, "वा मिस्त्री! लगन लावून देलं, आता पोरगी वापस मांगता?"

सगळे हसले. भाऊजी म्हणाले, "हाव मालक. ठिकान नीट पाह्यलं नव्हतं म्या."

हसणं थांबलं आणि त्यांनी गाडी मोकळी करून दिली. पण सगळीकडे असं झालं नाही. एकाने आधी अंगणातून हाकलून लावलं, चौथ्या खेपेला ऐकलं. एकाने पाटे काढू दिले आणि महिन्याभरात खामगावहून दुसरे बसवून आणले. ते कळल्यावर भाऊजी पुन्हा त्याच्या दारी जाऊन बसले, तिसऱ्या दिवशी तो कंटाळून "न्या बाबा" म्हणाला. लग्नाच्या मांडवात गाड्यांखाली शिरणं सुरू झालं ते याच काळात. आपले पाटे हात बदलून कुठल्या गाडीत गेले असतील, याचा त्यांना भरवसा राहिला नव्हता.

या सगळ्यात धामणगावला मात्र ते गेले नाहीत. तिकडून टोचनचं बोलावणं आलं तर दुसऱ्या मिस्त्रीचं नाव सांगत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "काय तोंड घेऊन जाऊ? एक बी गाडी राह्यली तोवर जाता येत नाई." मला ते पटलं. आधी काम पुरं करावं, मग समोर जावं, हे माझ्या स्वभावालाही धरून होतं.

शेवटी एकच गाडी राहिली, देऊळघाटच्या दगडूजींची. त्यांचे भाजीचे मळे होते. त्यांची पिकप आठवड्यातून दोनदा वांगी, कोबी भरून घाट उतरून मलकापूर स्टेशनला जाई. दगडूजी सरळ म्हणाले, "मिस्त्री, मी वांगे वाहतो, लोखंड नाई. माही गाडी तुमच्यापाशी रडत आली काय? मंग!"

त्यावर भाऊजींनी जे केलं ते आमच्या नातलगांत पुढे कित्येक वर्षं बोललं जाई. दगडूजींची गाडी निघायच्या दिवशी ते पहिल्या एस.टी.ने घाटाच्या माथ्यावर जात. गाडी आली की मागच्या फळीला एका हाताने धरून पायरीवर उभे राहत, दुसऱ्या हातात लाकडी ठोकळा. वळण आलं आणि गाडी हळू झाली की उडी मारून चाकाजवळून पळत, वेळ पडली तर ठोकळा चाकाखाली घालता यावा म्हणून. एरवी हे काम क्लीनर करतो, आणि तोही विशीतला.

एकदा मी कचेरीच्या कामाने बुलढाण्याहून परतत होतो. आमची एस.टी. घाटात त्या पिकपच्या मागे सापडली. समोर भाऊजी लोंबकळत होते, धोतराचा सोगा वाऱ्यावर, टोपी खिशात. माझ्या शेजारी कचेरीतले एक गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "ते तुमचे मेव्हणे ना हो?" मी हो म्हणालो. खोटं बोलणं मला जमत नाही. पण मोताळा येईपर्यंत मी मान वर करून समोर पाहिलं नाही.

अक्काने एक दिवस जेवताना विषय काढला. "अवो, एवढा मोठा मिस्त्री अन् लोकाच्या गाडीमांगं लोंबता. बाया मले पान्यावर विचारतात, तुये मालक क्लीनर झाले काय गं?"

"हाव म्हनून सांग," भाऊजी म्हणाले. "खोटं काय हाये त्यात?"

अक्का ताटावरून उठली. मी भाकरी मोडत राहिलो.

अखेर पाटे निघाले ते दगडूजींच्या ड्रायव्हरमुळे. एका सकाळी त्याने भरलेली अर्धी पोती मळ्यातच उतरवली. दगडूजी ओरडले, "काऊन बे, काय करून राह्यला?" तो म्हणाला, "मालक, मांगं म्हातारा लोंबत असते. त्याच्या भेवानं मी एवढा माल घेऊन उतरत नाई. पाह्यजे तं तुमी चालवा." दगडूजींनी रागाने पोती परत चढवली आणि स्वतः गाडी हाकत निघाले. घाटात प्रत्येक वळणावर त्यांना मागून भाऊजींच्या धापा ऐकू येत होत्या. मोताळ्याला आल्यावर त्यांनी गाडी स्टेशनकडे नेलीच नाही, शेडपुढे थांबवली. खाली उतरून म्हणाले, "काढा बुवा ते पाटे. आता मलेच घरी तोंड दाखवाची चोरी झाली."

दुपारपर्यंत भाऊजींनी पाटे काढले. आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले आणि मला म्हणाले, "चला साळेबुवा, धामनगावले जाऊ." अपघाताला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

सुखदेव घरापुढच्या ओट्यावर दोर वळत बसला होता. कुबडी भिंतीला टेकवलेली. भाऊजी अंगणातच उभे राहिले आणि वाटेत मनाशी जुळवून आणलेलं एका दमात बोलून गेले. "सुखदेव, चूक माही होती. तुयी नाई. सगळ्या गाड्यायचे पाटे काढले. देऊळघाटची शेवटची होती, आज ते बी झाली."

सुखदेवने हातातला पीळ पुरा केला. मग म्हणाला, "बसा मिस्त्री. सगळ्या गाड्या पाह्यल्या म्हनता?"

"हाव."

"मले पाह्याले नाई आले."

भाऊजी बसायला वाकले होते, ते तसेच राहिले.

"दवाखान्यात होतो तवा वाटलं, आज येतीन, उद्या येतीन. घरी आलो. मोताळ्याकून गाडी आली का मी कान देऊन बसो. तुमच्या पिकपचा आवाज मले वळखू येते." तो भांडत नव्हता, साधं सांगत होता. "मिस्त्री, टोचन लावलेल्या बंद गाडीत स्टेरिंगवर कोन बसते?"

"कोनी बी. मालक, नाई तं त्याचा मानूस."

"मंग? इंजन बंद असते. क्लच लागत नाई, गेर लागत नाई. दोन हात अन् ब्रेकवर एक पाय, एवढंच लागते. माहा उजवा पाय हाये ना! एवढी गोष्ट तुमच्यासारख्या मिस्त्रीच्या ध्यानात नाई आली? दोन वर्सं मी दोर वळून राह्यलो अन् तुमी पाटे मोजून राह्यले."

आतून त्याच्या आईने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. भाऊजींनी तो उचलला आणि न पिताच खाली ठेवला. म्हणाले, "उद्या येतो घ्याले. येशीन काय?"

"पाह्यतो," सुखदेव म्हणाला आणि पुन्हा दोराकडे वळला.

दुसऱ्या दिवशी तो आला. पुढे भाऊजी थकेपर्यंत घाटातून ओढून आणलेल्या प्रत्येक गाडीच्या स्टेअरिंगवर तोच असे आणि लोक त्याला "सुखदेव ड्रायव्हर" म्हणू लागले. भाऊजींशी तो कामापुरतंच बोले. तेही कधी जास्त बोलले नाहीत.

भाऊजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या संध्याकाळी धामणगावहून परत येताना ते पिकप फार हळू चालवत होते. मोताळा दिसायला लागल्यावर म्हणाले, "मी येडा झालो होतो, साळेबुवा. पन तुमी तं शहाने होते. तुमी तरी म्हनाचं होतं, का बाबा, त्या पोराकडं जाऊन ये."

दोन वर्षं मी त्यांच्या मागे मागे हिंडलो होतो. मांडवातल्या त्या पायांची मला लाज वाटली होती, हात जोडण्याची वाटली होती, गाडीमागे लोंबण्याची तर सर्वांत जास्त. पण सुखदेवला भेटायला कोणीच गेलेलं नाही, याची लाज वाटावी हे त्या दोन वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. आणि मलकापूरहून धामणगावला रोज एस.टी. जात होती.