घोड्याला चारा कोण घालतं?

शेरीफकाका इंग्रजी सिनेमा मोठ्याने बघायचे. पडद्यावर जो जे बोलेल ते लगोलग मराठीत सांगत बघायचे. "तो म्हणतो, दिवस मावळायच्या आत गाव सोड. हा म्हणतो, नाही सोडत, जा!" कोलार रोडवरच्या त्यांच्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो, तेव्हा पहिले दोन रविवार मला वाटलं, खाली कुणाचं तरी भांडण चाललंय.

पिपलानीच्या कारखान्यात फोरमन म्हणून उभी हयात घालवलेला हा माणूस. घोडे, पिस्तुलं आणि रुंद काठाच्या टोप्या असलेले सिनेमे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तसलीच टोपी घालून ते दूध आणायला जात, म्हणून गल्लीने त्यांना त्या सिनेमांतल्या गावच्या फौजदाराचं, शेरीफचं, नाव दिलेलं. दूधवाला विचारी, "आइए शेरीफ साब, घोड़ा कहाँ बाँधा?" काका अगदी गंभीर चेहऱ्याने आपल्या जुन्या स्कूटरकडे बोट दाखवत.

मी नोकरीसाठी नागपूरहून या हिंदी मुलखात आलेला, आणि रविवार मला खायला उठायचा. म्हणून खाली जाऊन बसू लागलो. ते सांगतात ते माझ्यासाठीच, असा माझा समज. एकदा म्हणालो, "काका, मला इंग्रजी कळतं हो."

"माहीत आहे. तुला कोण सांगतंय?"

तेव्हा लक्षात आलं, ते सगळं डाव्या बाजूच्या वेताच्या खुर्चीकडे तोंड करून चाललेलं असतं. ती काकूंची खुर्ची. काकूंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना इंग्रजी येत नसे.

काकू ऐकताना शंका फार काढायच्या म्हणे. "अहो, हा दिवसभर उधळतोय, त्या घोड्याला चारा कोण घालतं?" "सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून ही नववी ना?" काकांचं उत्तर ठरलेलं: "गप बस गं. तुला त्यातलं काही कळत नाही." हे मला काकांनीच सांगितलं, हसत हसत.

अशा सिनेमांची टिंगल करणारा एक गाजलेला जुना सिनेमा मात्र त्यांनी कधीच पाहिला नव्हता. "देवळात बसून देवाची चेष्टा बघायची का?" म्हणायचे. एका दुपारी मी हट्टच धरला आणि माझा लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला. एक रविवार तरी त्या घरात हसू ऐकू यावं, एवढाच माझा स्वार्थ.

पहिला अर्धा तास काका हाताची घडी घालून, कारखान्यातलं परिपत्रक वाचावं तसे विनोद सांगत होते. मग समोरासमोरच्या लढाईचा प्रसंग आला. रस्ता ओस, दोघांचे हात पिस्तुलावर. नायकाने हात वर केला.

"तो म्हणतो, थांब जरा," काका म्हणाले. "तो म्हणतो, घोडा सकाळपासून उपाशी आहे. आधी त्याला चारा..."

त्यांची हाताची घडी सुटली. पडद्यावर नायक चारा घालून आला, खलनायक तोवर उन्हात ताटकळला, मग गोळीबारात त्याचा एक माणूस बोटांवर गोळ्या मोजून तक्रार करू लागला. मी पोट धरून हसत होतो.

"थांबव ते," काका म्हणाले. मी थांबवलं.

"हे सगळं ही म्हणायची रे. जसंच्या तसं. जगाला हसवतील असं बोलायची बाई, आणि मी तिला चाळीस वर्षं गप्प बसवलं."

मी उगाच पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"मागे घे. लढाईपासून."

काकांनी वेताची खुर्ची जवळ ओढली आणि तो प्रसंग पुन्हा सांगितला. सावकाश, एक शब्द न गाळता. चाऱ्यापाशी थांबले, हसायला जागा ठेवून. त्या जागेत हसायची माझी हिंमत झाली नाही.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना बंगळुरूला घेऊन गेला. निघताना म्हणाले, "तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं रे. मी कुणाला सांगू?"

आता खाली कुलूप आहे. रविवारी मी वर एकटाच सिनेमा बघतो. पडद्यावर घोडा उधळला की मोठ्याने विचारतो, "त्याला चारा कोण घालतं?" आणि कुणी "गप बस" म्हणेल म्हणून जरा वेळ थांबतो.