ऐनाची वाकडी फांदी

सुका मासवणचा, मी उमरोळीचा. बोईसरच्या एका कंपनीत आम्ही पोती उचलायचो. मी बारमाही. तो भात झोडून झालं की यायचा आणि पावसाच्या तोंडावर शेताकडे परतायचा. पोतं उचलताना तो गुडघ्यात वाकायचा, कमरेत नाही. "कंबर नांगरासाटी ठेवलीय, दिनाभाऊ," म्हणायचा.

त्याच्या घरची एक रीत होती. मुलगा झाला की बापाने ऐनाच्या झाडाची एक कोवळी फांदी निवडायची, तिला दगड बांधायचा आणि हवं तसं वाकण येईपर्यंत जपायची. पोरगा मोठा झाला की त्याच फांदीचा त्याला नांगर. लोखंडी फाळ बाजारात मिळतो, वाकण मिळत नाही. सुकाचा नांगर असाच झाला होता, त्याच्या बापाचाही. नीलेश जन्मला तेव्हा सुकाने शेताच्या तोंडावरच्या ऐनाची फांदी धरली. भाताच्या रोपांची जागा पाला जाळून भाजायची, त्यासाठी दरसाल सगळा ऐन छाटला जायचा, ती एक फांदी राहायची. ती जाडावली तसा सुका दगड मोठा करत गेला.

पण नीलेशच्या हाती नांगर आलाच नाही. बैल म्हातारे होऊन गेले आणि भाड्याचा पॉवर टिलर आला. चिखलात त्याच्यामागे चालून सुकाचे हात रात्रीसुद्धा थरथरायचे. "बैल दमला का मी बी थांबायचो. ह्यो दमतच नाय. मी थांबू कदी?"

दोन वर्षांपूर्वी नीलेशने मनोरहून जुना, छोटा ट्रॅक्टर आणला. वर पत्र्याचं छत. छताच्या पुढच्या पट्टीवर त्याने आपल्या मुलीचं नाव स्वतः रंगवलं होतं: दीपिका. मी मुद्दाम बघायला गेलो. ट्रॅक्टर शेताच्या तोंडाशी आला आणि छत फांदीला अडलं. एका अंगाला ओहळ, दुसऱ्या अंगाला परक्याचं शेत. वाट तेवढीच.

नीलेश कुऱ्हाड घेऊन उतरला.

"बाबा, कापू?"

सुकाने फांदीकडे पाहिलं.

"नांगर कोन धरनार आता? बैल तरी हायत का?"

"नायत."

"मंग?"

"तुजी फांदी हाय. तुला वाटंल तसं कर."

एवढं बोलून सुकाने तोंड ओहळाकडे फिरवलं. त्याची बायको कमळी बांधावर रोपांच्या जुड्या घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाप बोलत नाय, लेक कापत नाय. रोपं काय माज्या डोक्यावर लावू?"

नीलेशने फांदीच्या वाकणावर हात फिरवला. दगडाच्या दोराने सालीत पडलेला खोल वळ अजून होता. त्यात त्याचं बोट बसलं.  मग त्याने कुऱ्हाड ठेवली आणि ट्रॅक्टरच्या पेटीतून पाना काढला.

"काका, छत धरा जरा."

मी धरलं. एक नट गंजलेला, फिरेना. नीलेशचा घाम पान्यावर पडत होता. घसरला की पुन्हा लावायचा. सुका वळला, जवळ आला आणि छताला खांदा लावला. वजन त्याने घेतल्यावर नट सुटला. तिघांनी छत खाली उतरवलं.

"उनापावसात उगडा बसशील," सुका म्हणाला.

"तुमच्या नांगराला छप्पर व्हतं का?"

कमळी हसली. सुका हसला नाही, पण कुऱ्हाड उचलून तोच घरी घेऊन गेला.

ते छत आता कोंबड्यांच्या खुराड्यावर आहे. दीपिका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, कोंबड्यांच्या घराला माझं नाव दिलंय.

यंदाही चिखलणीला गेलो होतो. सुका आता चिखलात उतरत नाही, ऐनाखाली बसून असतो. ट्रॅक्टर तोंडाशी आला की ओरडतो, "वाक रं!"

नीलेश आधीच वाकलेला असतो, कपाळ स्टेअरिंगला टेकेल इतका. तरी म्हातारा दरवेळी ओरडतोच.