पांढरा स्कार्फ, काळा गॉगल

हसायचं नाही असं आधी कबूल करा, तरच सांगतो. चहा घ्या, चहाला माझी ना नाही. पण हातात बिस्किट असेल तर खाली ठेवा. आजकाल बिस्किट दिसलं तरी मी दोन पावलं मागे सरतो. का, ते कळेलच.

गोष्ट यंदाच्या मे महिन्यातली. आमच्या घरी पिल्लू यायचं होतं. कुत्र्याचं हो!

कोणासाठी, तर माझ्या आईसाठी सगळा खटाटोप. वय सत्तरीच्या पुढे. बाबा गेले, आमची मुलगी तन्वी नोकरीला पुण्याला गेली. मी दिवसभर शहराबाहेर मिहानच्या ऑफिसात, बायको शुभदा बँकेत. एकदा मी दुपारीच घरी आलो तर आत बोलण्याचा आवाज. म्हटलं, कोण आलंय? डोकावून पाहतो तर आई कूलरशी बोलत होती! "काहून गा, आज इतका खडखड काहून करून राहिला तू? तब्येत बरी नाही का?"

मी दारातच थबकलो. वाईट वाटलं हो. फार वाईट वाटलं.

तन्वीला फोन केला. ती म्हणाली, "आजीला एक पिल्लू आणा. खाप्याला तिच्या माहेरी कायम कुत्री असायची, तीच सांगते ना." शोधही तिनेच लावला. नागपुरात कोणी मुळमुळे बाई आहेत, रस्त्यावरची पिल्लं सांभाळतात आणि चांगलं घर पाहून देतात. अट एकच. आधी त्या घर पाहायला येणार. पसंत पडलं तर पिल्लू, नाही तर नाही.

झालं! माझी झोप उडाली. लग्नाच्या वेळी शुभदाचे वडील आमचं घर पाहायला आले होते, तेव्हासुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. तेव्हा बोलायला बाबा होते. आता मलाच बोलायचं होतं.

"बाबा, एकच करा," तन्वी सांगत होती, "त्या आल्या ना, की तुम्ही फक्त..."

"काळजीच करू नकोस! सगळं मी बोलतो!" म्हणून मी फोन ठेवलासुद्धा.

ती 'तुम्ही फक्त गप्प बसा' म्हणणार होती, हे मला नंतर कळलं.

मग मी तयारीला लागलो. पिल्लू वायरी चावतं म्हणे, म्हणून घरातल्या सगळ्या वायरी उचलून पडद्याच्या दांडीला बांधल्या. आता फोन चार्ज करायचा तर स्टुलावर चढावं लागे. चपला कुरतडतं म्हणे, म्हणून चपलांचा स्टँड कपाटावर नेला. चपला काढायलाही तेच स्टूल! स्वयंपाकघराच्या दारात आडवी फळी ठोकली. ती ओलांडताना शुभदाच्या हातातली वरणाची वाटी एकदा माझ्याच डोक्यावर सांडली.

पण कहर केला तो कूलरच्या बाबतीत. आमचा कूलर खिडकीत, उंच. त्याची हवा वरून जाणार, पिल्लाला काय मिळणार? नागपूरचा मे महिना, लेकराचं काय होईल या विचाराने मी कासावीस झालो. वेल्डरकडे नेऊन त्याचा लोखंडी स्टँडच कापून आणला आणि कूलर दाराशेजारी ठेवला, पार जमिनीलगत. आता आमच्या घरात गार काय होतं, तर फक्त पोटऱ्या.

"अहो, पिल्लू येईपर्यंत माणसं जगू द्या," शुभदा म्हणाली.

आई मात्र खूश. तिने जुन्या साड्यांची मऊ गोधडी शिवून ठेवली होती. रोज ती घडी मोडायची, पुन्हा घालायची आणि मला विचारायची, "देईल ना रे ती बाई?" तिने असं विचारलं की मी उठून वायरींच्या गाठी पुन्हा तपासायचो.

शेवटची हुशारी म्हणून मी फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं. वर पाटी लावली, 'मुक्या जिवांसाठी'. बाईंना येता येताच दिसलं पाहिजे की कसलं घर आहे!

रविवार उजाडला. तन्वीचा निरोप आला, 'त्या चारच्या सुमारास येतील. स्कूटीवर. पांढरा स्कार्फ, काळा गॉगल. लगेच ओळखाल.'

आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात नागपुरात स्कूटीवरच्या कुठल्या बाईला पांढरा स्कार्फ आणि काळा गॉगल नसतो? सख्खी बहीण शेजारून गेली तरी ओळख पटत नाही! पण तेवढा विचार करायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि माझं सकाळपासून नव्हतं.

चारला थोडा वेळ होता. शुभदा पन्ह्यासाठी बर्फ आणायला निघाली. जाताना दारातून म्हणाली, "मी येईपर्यंत काही करू नका. काहीही!" आई आतल्या खोलीत नवी साडी नेसत होती.

आणि फाटकाशी स्कूटी थांबली. पांढरा स्कार्फ! काळा गॉगल!

मी धावलो. "या, या, मॅडम! वाटच पाहत होतो!"

"काका, मी ते..."

"आधी आत या! ऊन पाहा काय आहे!"

बाई आत आल्या, स्कार्फ सोडला. पाहतो तर पंचविशीतली पोरगी. मी म्हटलं, वा, एवढ्या लहान वयात केवढं हे काम! बिनबर्फाचंच पन्हं हातात दिलं आणि सुरू झालो.

"हे पाहा, वायरी वर. चपला वर. ही फळी. हा कूलर, हवा थेट अंगावर! बसून पाहा खाली. नाही, लाजू नका, बसा!"

ती बिचारी ग्लास घेऊन कूलरपुढे फरशीवर बसली.

"लागते ना हवा?"

"लागते, काका. पण मले ना, आजीजवळून..."

"आजी तयार आहे! पाहा, तिने गोधडी शिवली. किती मऊ आहे ते दाखवतो." आणि बावन्न वर्षांचा मी, इस्त्रीच्या शर्टात, त्या गोधडीवर अंगाचं मुटकुळं करून निजून दाखवलं.

ती पोरगी दाराकडे सरकली. मला वाटलं, प्रभावित झाली.

"मॅडम, आम्ही मारणार नाही. ओरडणार नाही. मी तर जन्मात कधी कुत्र्याला हाड म्हटलेलं नाही!"

आणि हे बोलतोय तोच मला खिडकीतून काय दिसावं? फाटकाशी एक मोठी तांबूस कुत्री, मातीच्या भांड्यात तोंड घालून लपालपा पाणी पीत उभी! सगळं चिखलाने बरबटलेलं, पाटी आडवी पडलेली. शेजारी स्कूटी लावून कोणी बाई वाकून तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

मॅडम आता निघतील, आणि जाताना हा सगळा पसारा पाहतील!

मी बाहेर झेपावलो. "हाड! हाड! ते पाहुण्यांना दाखवायला ठेवलंय!"

कुत्री ढिम्म. कूलरमध्ये टाकायला भरून ठेवलेली बादली ओट्यावर होती. उचलली आणि ओतली!

कुत्रीला तर आनंदच झाला. पंचेचाळीस डिग्रीत कोणी अंघोळ घालतंय! तिने शेपूट हलवत असं अंग झाडलं की उरलेलं सगळं पाणी त्या बाईंच्या अंगावर. तसं निम्मं तर माझ्या बादलीतूनच थेट त्यांच्यावर गेलं होतं. पांढरा स्कार्फ चिंब. काळ्या गॉगलवरून थेंब ओघळताहेत.

"भाऊ, हे काय करून राहिले तुम्ही?" बाई थंडपणे म्हणाल्या. "ती पाणी पिऊन राहिली होती."

"ताई, हात जोडतो, पण तुमचं कुत्रं न्या आधी! आमचं पिल्लू हातचं जाईल!"

"काहून?"

"अहो, आत बाई बसल्यात ना, मुळमुळे बाई! घर तपासायला आल्या. लय खडूस आहेत म्हणे. कुत्र्यांपायी डोकं फिरलंय त्यांचं. त्यांनी हे पाहिलं तर..."

"मुळमुळे बाई आत आहेत?"

"पन्हं पिऊन राहिल्या ना!"

बाईंनी सावकाश गॉगल काढला. त्याचं पाणी झटकलं. "मग मी कोण आहो?"

आणि नेमका तेव्हाच आतून आईचा खणखणीत आवाज आला, "अवं वैशू! सोऱ्या न्याले आली का वं? कुरड्या करून राहिली का तुही सासू? अन् अशी खाली काहून बसली?"

वैशू म्हणजे मागच्या गल्लीतल्या, आईच्या मैत्रिणीची सून. पोरगी शेवया-कुरड्यांचा सोऱ्या मागायला आली होती. मी तिचं तोंड कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं असेल ते स्कार्फातच.

वैशू सोऱ्या घेऊन जी निघाली, ती माझ्याकडे न पाहता स्कूटीवर बसून पसार.

मी पायरीवर मटकन बसलो. सगळं संपलं होतं. आईला काय सांगू? कूलरशी बोलत राहा म्हणून सांगू?

पण ती ओली कुत्री माझ्या अंगावरून उडी मारून सरळ घरात शिरली. कूलर अगदी तिच्याच मापाचा होता. त्याच्यापुढे आडवी झाली आणि डोळे मिटले. आई नव्या साडीनिशी तिच्याजवळ फरशीवर बसली. हातात ती गोधडी. त्या गोधडीनेच कुत्रीचं अंग पुसायला लागली.

"किती तापली वं माय तू," आई तिला म्हणाली. "किती लांबून आली?"

मुळमुळे बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. अंगावरून पाणी गळत होतं. मग म्हणाल्या, "पिल्लाची आई आहे ती. घर तिले पसंत पडलं पाहिजे, म्हणून संगं आणतो मी." आत येत त्यांनी विचारलं, "आजी, दुपारी एकट्याच असता का?"

"हा कूलर असते ना सोबतीले," आई म्हणाली.

बाईंनी ओला स्कार्फ सोडून पिळला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते बादलीचं नव्हतं.

तेवढ्यात शुभदा बर्फ घेऊन आली. ओल्या बाई, घरात अनोळखी कुत्री, पायरीवर मी. "तुम्हाला सांगितलं होतं ना..." ती म्हणाली.

निकाल तिथेच लागला. "पिल्लू देतो," मुळमुळे बाई म्हणाल्या. "पण आजीले देतो. तुमाले नाही. अन् दर रविवारी मी पाहाले येईन. पिल्लाले नाही, तुमाले! समोरच्याचं पुरतं ऐकून घेता का नाही ते."

पिल्लू आलं. आईने नाव ठेवलं बुंदी. आई आता दिवसभर बुंदीशी बोलते आणि कूलर बिचारा एकटा पडलाय. आणि दर रविवारी खरंच माझी तपासणी. मी हाताची घडी घालून बसतो, जीभ दातांखाली धरतो.

गेल्या रविवारी तर मी कमालच केली. मुळमुळे बाई पाऊण तास बोलल्या. जंताचं औषध, इंजेक्शन, सगळं. मी चकार शब्द काढला नाही! शुभदा माझ्याकडे कौतुकाने पाहत होती. आई पाहत होती. शेवटी बाई उठल्या, हसल्या. "शाबास भाऊ. सुधारले तुम्ही. आता येत नाही मी." त्यांनी पिशवीतून एक बिस्किट काढून माझ्या हातावर ठेवलं. "हे घ्या, हे..."

मला इतकं भरून आलं! "अहो, कशाला, कशाला!" म्हटलं आणि टाकलं तोंडात.

जरा कडक लागलं. चवीला थोडं वेगळंच. पण कौतुकाचं होतं ना, कराकरा चावून गिळलं.

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. बुंदीही पाहत राहिली.

"...हे बुंदीले द्या, म्हणून राहिली होती मी," मुळमुळे बाई म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या. "येतो मी पुढच्या रविवारी."