दोनशे चौदाव्या कांडीवरचा बाण

मावशींच्या खोलीत उणे पंचवीस अंश थंडी. तिथे शाईचं पेन गोठतं, म्हणून सगळं शिसपेन्सिलीने लिहायचं. वीस मिनिटं आत, मग दहा मिनिटं बाहेर, असा नियम. मावशी अर्धा-अर्धा तास आत काढत आणि कोणी टोकलं की म्हणत, "मी काय टोमॅटो आहे गोठून फुटायला?"

एकोणीस वर्षं त्या प्रयोगशाळेतल्या या खोलीच्या राखणदार. ध्रुवाकडच्या बर्फात खोल भोक पाडून काढलेल्या, हात-दोन हात लांब बर्फाच्या कांड्या तिथे फळ्यांवर निजलेल्या. खालचा थर जुना, वरचा नवा. कुठल्या काळी थंडी किती होती, कधी ज्वालामुखी फुटून राख उडाली, पुढे ऊब कशी वाढत गेली, सगळं त्यात. म्हणून प्रत्येक कांडीच्या पिशवीवर बाण असतो: हे टोक वरचं. बाण चुकला की काळच उलटा फिरतो.

शोधनिबंधावर नावं छापून येतात ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या साहेबांची. तो बर्फ एकोणीस वर्षं बर्फच राहिला तो कोणामुळे, हे कुठल्याच पानाच्या तळाशीसुद्धा नसतं. मावशींना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांना गुर्मी होती. "माझ्या खोलीत आजवर थेंब सांडलेला नाही," हे त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत.

संशोधन करणाऱ्या पोरीला त्यांनीच नाव ठेवलं, चिमणी. जाड कोटात ती एवढीशी दिसे, फक्त नाक बाहेर. तिचे हातमोजे मावशी न सांगता गरम पाइपावर वाळत घालत, आणि वर दटावत, "बोटं गळली तर लिहिशील कशाने?"

त्या सोमवारी चहाच्या टेबलापाशी साहेब चिमणीवर तडकले. तिचा उबेचा आलेख पायऱ्यांसारखा चढत होता, फक्त दोनशे चौदाव्या कांडीपाशी मधूनच उडी मारून उतरत होता, आणि मग पुन्हा उडी.

"नमुन्यांची अदलाबदल केलीस तू. अशा हाताला हा बर्फ देता येणार नाही. शुक्रवारी सगळं दुसऱ्याकडे सोपवतो."

"सर, मी दोनदा मोजलंय."

"मग दोनदा चुकलीस."

चिमणी कपातला चहा ढवळत राहिली. त्यात साखरच नव्हती.

मावशी दारात फडकं घेऊन उभ्या होत्या. दोनशे चौदा! सहा महिन्यांपूर्वी भर दुपारी खोली थंड ठेवणारा कंप्रेसर बंद पडला होता. दाराकडची वाट खोक्यांनी अडलेली, म्हणून त्यांनी या कांडीची फळी मागच्या बाजूने ओढून काढली. नेमकी हिचीच पिशवी फाटलेली. नवी चढवली, बाण काढला आणि फळी घेऊन दुसऱ्या शीतपेटीकडे पळाल्या. बाण नव्याने काढायचा तर शेजारी दुसरं माणूस हवं आणि नोंदवहीत दोघांच्या सह्या हव्यात. त्या दिवशी माणूस नव्हतं. सही राहिली. आणि मागून ओढलेल्या फळीवर डावं ते उजवं झालेलं असतं, हे आत्ता, फडकं हातात असताना, त्यांना उमगलं.

घरी त्या जेवल्या नाहीत. नवरा शिंपी, त्यांच्या हातमोज्यांना आतून लोकरी अस्तर घालत बसला होता.

"आज खोलीतली थंडी घरी घेऊन आलात वाटतं?"

"गप्प बसा हो." मग सगळं सांगितलं. "एकोणीस वर्षांत एक चूक, आणि ती त्या पोरीच्या गळ्यात."

त्याने दातांनी दोरा तोडला. "मग काढा तिच्या गळ्यातून. तुम्ही गप्प बसलेल्या मी जन्मात पाहिल्या नाहीत, आताच कुठून ही सवय?"

मंगळवारी सकाळी मावशींनी साहेबांच्या टेबलावर खोलीची किल्ली ठेवली.

"पोरीला ओरडू नका. बाण मी उलटा काढलाय. सही नाही, माणूस नाही, माझीच चूक."

साहेब किल्लीकडे बघत राहिले. "तुम्ही? अहो, तुम्ही सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना. आणि काल तिला चारचौघांत बोललात, तेही मागे घ्या. चारचौघांतच."

साहेबांचे कान लाल झाले. पण नुसत्या शब्दावर बर्फ उलटवत नाहीत. चिमणीने त्या कांडीच्या कापून राखून ठेवलेल्या पट्टीतला राखेचा थर भिंगाखाली धरला. ज्वालामुखीची जाड राख आधी पडते, बारीक मागाहून. जाड कण खाली हवेत. ते बाणाप्रमाणे वर होते. तिने मोजलेले आकडे उलट्या क्रमाने लावले आणि चुकलेली पायरी जागेवर बसली.

साहेबांनी चहाच्या वेळी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. जरा पुटपुटतच, पण मागितली. मावशींची किल्ली मात्र टेबलावरच पडून होती आणि त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या.

चिमणीनेच ती उचलली. "मावशी, कोट घाला."

"मी कशाला? तुझं तू जा आत."

"बाण नव्याने काढायचाय. दुसरं माणूस लागतं."

आत दोघींच्या श्वासाची वाफ एकमेकींत मिसळली. दोनशे चौदावी कांडी टेबलावर निजलेली. चिमणीने शिसपेन्सिल पुढे केली. मावशींनी बाण काढला, हळू, एका रेषेत. मग नोंदवहीत सही केली. खाली चिमणीने केली.

"झाली ना वीस मिनिटं? चल बाहेर," मावशी दटावून म्हणाल्या. "आणि ते मोजे इकडे दे, ओले झालेत."