तीन हिटर आणि खोबरेलाच्या वाट्या

सुलाबाईंना कुणी काही सांगितलं आणि त्यांनी ते तसंच मान्य केलं, असं त्यांच्या उभ्या जन्मात झालेलं नाही. भाजीवाली म्हणाली वांगी कोवळी आहेत, की ह्या देठापाशी नख रुतवून बघणार. दूधवाला म्हणाला निर्भेळ आहे, की नखावर थेंब धरून तो कसा ओघळतो ते निरखणार. लग्न ठरताना पलीकडच्या मंडळींनी 'मुलगा निर्व्यसनी आहे' असं सांगितलं, तर ह्या बाईनं म्हणे पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं सहादूच्या तोंडाचा वास घेतला होता! सहादू पास झाला. नाशिकरोडला विहारालगत पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, तिथं दोघांचा संसार उभा राहिला, आणि सगळी ओळ म्हणायची, सुलाबाईंनी पास केलं की त्याला आय.एस.आय.चा शिक्का लागला.

सहादू एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. रोज सायकल मारत जायचा आणि वाफेच्या पाइपांना जाडजूड आवरण बांधायचा, पाइपातली उष्णता बाहेर निसटू नये म्हणून. त्या कामाला तो 'पाइपाला स्वेटर घालणं' म्हणायचा. माणूस अबोल, कामात चोख, आणि घरात मात्र असा विसरभोळा की पायातली एक चप्पल शोधत सकाळ घालवेल.

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात त्यांची लेक लता बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधीच, आणि तीही एवढीशी, की सुलाबाईंच्या दोन तळहातांत मावली. त्यात थंडी ही अशी! न्हाणीतलं पाणी हाताला चावायचं, आणि खोबरेलाची बाटली तर आठवडाभर दगड होऊन बसलेली.

लताचं आणखी एक दुखणं होतं, ते घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं. आदल्या थंडीत घोटीला, सासरी, तिचं पहिलं बाळ गेलं. पहाटे दुपटं सारखं करायला तिनं हात घातला आणि पाय गार लागले. तेव्हापासून तिच्या हाताला भीती बसली. ह्या मुलीला ती अंगावर पाजायची, न्हाऊ घालायची, पण पावलांना हात लावायची नाही. मोजे सुलाबाईंनीच चढवायचे. सुलाबाई बघायच्या, आतल्या आत तुटायच्या, आणि तोंडानं म्हणायच्या, "दे इकडं, तुला मोजासुद्धा धड घालता येत नाय!"

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "बाळाला ऊब द्या." आता आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत ऊब म्हणजे काय? शेक! सुलाबाईंनी घरी येताच बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवली, वर ओवा-बाळंतशेपा भुरभुरवला, दार लावून घेतलं. खोली धुरानं भरली, लता खोकून बेजार, आणि ते इवलंसं पोर तर निळंजांभळं व्हायला लागलं. धावतपळत परत दवाखाना.

डॉक्टरीणबाई चांगल्याच तापल्या. "आजी, शेक नाही सांगितला मी. धूर नाही, चटका नाही. ऊब! खोली उबदार ठेवा. रविवारी दाखवायला आणा. पाय असेच गार राहिले तर मुलीला परत काचेच्या पेटीत ठेवावं लागेल."

पेटी म्हणताच लतानं मुलीला छातीशी आवळून धरलं. वाटेत तिनं आईचा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, "आई, हिला माझ्यापासून नको नेऊ देऊस गं."

झालं. सुलाबाईंनी पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात विजेचे तीन हिटर येऊन बसले. शेजारच्या नवसाबाईंनी आपला उघड्या कॉइलचा आणून दिला, ज्यावर त्या एरवी चहा ठेवायच्या. विहाराच्या कमिटीतल्या कारभारी मास्तरांनी चकचकीत थाळीसारखी पाठ असलेला, मधोमध लाल होणारी कांडी, तसला पाठवला. आणि घोटीच्या शाळेत शिकवणारे जावईबापू कुणाकडून तरी पंख्याचा हिटर मागून घेऊन आले, गरम वारा फेकणारा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आमचाच चांगला!

सहादूनं तिन्ही उलटेपालटे करून बघितले. "तिन्ही हजार वॅटचे हाईत. वीज खातील सारखीच, अन् गरमी देतील तीबी सारखीच. कुठलाबी लाव."

"असं कसं म्हणता? तिघी सुना एकाच पिठाच्या भाकरी करतात, म्हणून काय सारख्या होतात?"

"पीठ तेवढंच ऱ्हातं की."

"पीठ कुणाला खायचंय? भाकर कुणाच्या ताटात पडती ते बघायचंय मला!" सुलाबाई म्हणाल्या, आणि परीक्षा सुरू झाली.

थर्मामीटर कुठला असायला? पण दगड झालेली खोबरेलाची बाटली होती ना! सुलाबाईंनी चमच्यानं खरवडून सारखं सारखं तेल तीन वाट्यांत भरलं. एक वाटी लताच्या बाजेवर, बाळाच्या उशाशी. एक दाराजवळ जमिनीवर. आणि एक वर, डब्यांच्या फळीवर. बाळाला घेऊन लता तेवढा वेळ नवसाबाईंकडे. दार बंद, आणि बाहेर सगळी ओळ जमलेली. जणू दहावीचा निकालच लागणार होता!

मास्तरांचा थाळीवाला आधी. त्याच्यासमोर हात धरला तर पोळत होता, आणि पाठ मात्र गारच्या गार. तो तोंड करेल तिथली वाटी पातळ, बाकीच्या दोन्ही ढिम्म. "हा पुढाऱ्यासारखाय," नवसाबाई म्हणाल्या, "समोर बसला त्याचंच भलं." मास्तर हसले, पण जरा ओशाळून.

मग नवसाबाईंची कॉइल. खोबरेल पुन्हा थिजवायला वाट्या गार पाण्यात ठेवल्या, खोली उघडून वारा खेळवला, आणि पुन्हा पहिल्यापासून. कॉइलनं फळीवरची वाटी झकास वितळवली आणि उशाशी असलेली नुसती कडेकडेनं ओलावली. आता हसायची पाळी मास्तरांची. जावईबापूंचा पंखा सगळ्यांत गुणी निघाला, त्यानं तिन्ही वाट्या थोड्याथोड्या मऊ केल्या. पण त्याची घरघर अशी, की पलीकडच्या खोलीत बाळ दचकून कुरकुरायला लागलं. आणि त्याचीसुद्धा फळीवरचीच वाटी आधी पाणी झाली.

"बघा, मामी, माझाच पहिला," जावईबापू म्हणाले.

"पहिला खरा, पण पास कुणीच नाय," सुलाबाईंनी निकाल दिला. उशाशी असलेली वाटी चटका दिल्याशिवाय एकानंही पुरती पातळ केली नव्हती. त्या दिवशी थाळीवाला बाळाकडे जरा लांबून वळवून ठेवला आणि वेळ भागवली. मोज्यांतली पावलं गारच होती. रविवार परवावर आलेला.

सकाळी सुलाबाई दात घासत बाहेर उभ्या होत्या. समोरून ऊन यायचं होतं. सगळ्या ओळीच्या पत्र्यांवर दंव साचून ते पांढरट दिसत होते, आणि फक्त त्यांच्या खोलीवरचा पत्रा कोरडा, ठणठणीत! सुलाबाईंच्या तोंडातली मिसरी तशीच राहिली. फळीवरची वाटी आधी का वितळते ते त्यांना तिथं, उभ्या उभ्या, उमगलं. ऊब वर जात होती आणि पत्र्यातून आभाळात चालली होती. भाकरी तिन्ही सुना करत होत्या, आणि खात होतं आभाळ!

"अवं!" त्या ओरडल्या तशी सहादूच्या हातातली चहाची बशी हिंदकळली. "रोज सरकारच्या पाइपांना स्वेटर घालून येता ना तुम्ही? अन् घरात नात उघड्या पत्र्याखाली! लाज नाय वाटत?"

सहादूनं वर पत्र्याकडे बघितलं. मग बाहेर जाऊन दंवाकडे बघितलं. आत आला आणि कपाळावर हात मारून घेतला. "आयला," तो म्हणाला, "हे माझ्या ध्यानात कसं आलं नाय?" इतकी वर्षं तेच काम करणाऱ्या माणसाच्या घरी हे घडावं म्हणजे अजबच! त्या दिवशी त्यानं पहिल्यांदाच विनाकारण रजा टाकली. विनाकारण हे त्याच्या साहेबाच्या मते.

पत्र्याखाली हातभर अंतरावर दोऱ्या ताणून छत बांधायचं ठरलं. सुलाबाईंच्या दोन गोधड्या पुरेनात. नवसाबाईंनी आपल्या आईच्या हातची, जुन्या पांढऱ्या लुगड्याची गोधडी काढून दिली. ती त्यांनी एरवी कुणाला हात लावू दिली नसती. मास्तरांनी विहारातली सतरंजी आणली. दाराच्या फटीत पोतं, खिडकीच्या खालच्या झडपेला फडकं, आणि वरचं झरोक्याचं भोक सहादूनं मुद्दाम मोकळं ठेवलं, श्वासाला. मग पुन्हा वाटी. या खेपेला थाळीवाला लावला, कारण तो आवाज करत नव्हता, आणि त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं, म्हणजे चटका कुणालाच नको आणि ऊब सगळ्या खोलीला.

संध्याकाळपर्यंत उशाशी असलेल्या वाटीतलं तेल लख्ख पाण्यासारखं झालं. सुलाबाईंनी बोट बुडवून बघितलं. पुन्हा बुडवलं. त्यांचा स्वभावच तो.

पण खरी परीक्षा अजून व्हायचीच होती. रविवारी, उजाडायच्या सुमाराला, वीज गेली. कांडीचा लाल रंग विझला आणि लता ताडकन उठून बसली.

"आई! हिटर गेला!"

"गेला तर गेला. पडून ऱ्हा."

"पहाट आहे गं. गार पडेल ती." लताचा आवाज फाटला. ती बाळाकडे नुसती बघत होती. हात मांडीवर, मुठी आवळलेल्या.

सहादू कंदील घेऊन आला. सुलाबाई मोजे बघायला वाकल्या, आणि एकदम थांबल्या. त्यांना वाटलं, आज मी बघितलं तर ही पोरगी जन्मभर मलाच बघायला लावील. त्यांनी हात मागे घेतला आणि उशाशी असलेली वाटी लतापुढे धरली.

"मी सांगते म्हणून नको मानू. तू बघ."

लतानं बोट वाटीत बुडवलं. तेल पातळ होतं. बोटावरून थेंब ओघळून मनगटापर्यंत आला. ती त्या थेंबाकडे बघत राहिली. मग तिनं मोजा काढला, तो तेलाचा हात पुढे नेला आणि मुलीचं पाऊल मुठीत धरलं.

सहादूनं कंदील जवळ नेला.

"ऊब आहे," लता म्हणाली. मग मोठ्यानं, रडत, हसत, "आई, ऊब आहे गं हिच्या पायाला!" आणि दुसराही मोजा काढून ती दोन्ही पावलांना तेल चोळू लागली, तशी इतके दिवस नुसती कुरकुरणारी ती मुलगी असा टाहो फोडून रडली, की नवसाबाई पलीकडून भिंत ठोकून विचारू लागल्या, काय झालं म्हणून.

"पास झाली!" सुलाबाई भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, आणि पदरानं डोळे पुसले.