तुमच्या गल्लीतलं जिनिव्हा

"तुमच्या गल्लीतलं जिनिव्हा वेगळं असंल."

सर एवढंच बोलले. वर्ग हसला. मी पुढे उभी होते, मागे पडद्यावर माझी पहिली स्लाईड. तिच्यावर मी लिहिलं होतं की जिनिव्हात जगातल्या सगळ्या देशांनी मिळून ठराव केला आहे, जातिभेद हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे आणि त्या ठरावाखाली आपल्याही देशाची सही आहे.

सरांनी आधी विचारलं होतं, "सोर्स काय?"

मी म्हणाले, "मेसेज आहे सर. आमच्याकडं दरवर्षी जयंतीला वाचतात."

"आमच्याकडं म्हणजे कुठं?"

"विहारात."

तेव्हा ते वाक्य आलं. एरवी सर पुस्तकी मराठीत शिकवायचे. टिंगल करायची असली की मात्र कोल्हापुरीत उतरायचे.

हसणाऱ्यांत माझ्या बाकावरची मैत्रीणही होती. रोज माझ्या डब्यातली भाकरी मोडून खायची. तिनं तोंडावर ओढणी धरली होती, पण खांदे हलत होते. मी ते खांदे बघत राहिले. मला राग आला असेल असं आता लोक म्हणतात. राग आला नाही. रडूही आलं नाही. कान बंद झाल्यासारखे झाले, बाकी काही नाही.

"बस खाली," सर म्हणाले. "आणि विषय बदल. पर्यावरणाचा हक्क घे, नेटवर आयता मिळतो. तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्टीत जातच कशी काय दिसते? आपल्या जिल्ह्यात जात राहिलीय कुठं?"

तुम्हा लोकांना.

मी बसले. पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले.

एम.ए.चं शेवटचं वर्ष होतं. कोल्हापुरातलं कॉलेज, मानवी हक्कांचा पेपर आणि त्यावर प्रत्येकानं करायचा एक प्रकल्प. प्रकल्पावर सरांची सही झाली तरच तो जमा होणार. सही नाही तर वर्ष गेलं. आमच्या घरात एम.ए.पर्यंत पोचलेली मी पहिली. वडील सेंट्रिंगचं काम करतात. दुसऱ्यांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकून त्यांनी मला इथवर आणलं होतं. आणि मी भर वर्गात एक फॉरवर्ड मेसेज दाखवला होता.

सरांचं म्हणणं एका बाबतीत बरोबर होतं, हे आधीच सांगते. मेसेज खोटा होता. असा ठराव कुठंच झालेला नाही. पण हे मला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही. खोटं आहे, असं शोध, तिथं बघ, असं एक वाक्य पुरलं असतं. तेवढ्याच श्वासात त्यांनी माझी गल्ली काढली.

शनिवारी गावी गेले. आमचं गाव कोडोलीच्या पुढं, नाव सांगत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, दारात पाय धूत होते. म्हटलं, "आबा, त्यो जिनिव्हाचा मेसेज खोटा हाय."

आबांनी तांब्या खाली ठेवला. "कुणी सांगितलं?"

"सरांच्या बोलण्यावरनं कळलं."

"खोटा?" ते पाय पुसायला लागले. मग म्हणाले, "मग त्या दिवशी सरपंच गप का बसला?"

झालं होतं असं की, दोन उन्हाळ्यांमागं गावात नळाची नवी लाईन फिरली आणि आमच्या वस्तीच्या तोंडाशी येऊन थांबली. पाईप संपले म्हणाले. पाईप पंचायतीच्या मागं रचून ठेवलेले आम्ही रोज बघत होतो. आबा ग्रामसभेत उभे राहिले. चष्मा लावला, मोबाईल लांब धरला आणि तो मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढला. 'जास्तीत जास्त शेअर करा'सुद्धा वाचलं. मग म्हणाले, "आता केस कोल्हापुरात न्हाय जायची. भाईर देशात जायची." सभा चिडीचूप. त्याच आठवड्यात पाईप सापडले. आमच्याकडं पाणी आलं.

गंमत म्हणजे, त्या पाण्यासाठी जिनिव्हापर्यंत जायची गरजच नव्हती. इथलाच ॲट्रॉसिटीचा कायदा पुरेसा होता. पण इथला कायदा सरपंचाला चांगला माहीत होता, म्हणून त्याची भीती नव्हती.

हे मी आबांना सांगितलं नाही. त्यांचा चेहरा पडला होता. गावासमोर ताठ उभं राहून बोललेली त्यांची ती एकच गोष्ट, आणि ती मी दारातच खोटी पाडली. जेवताना ते म्हणाले, "खोट्यावर पाणी आलं. खऱ्यावर काय येतंय बघ तरी. शोध."

मग मी शोधलं. विषय बदलला नाही. सरांना तसं सांगितलंही नाही.

आधी मराठीत शोधलं. तोच मेसेज जागोजाग सापडला. कुठंही लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. एका शब्दातली चूक होती, तीही सगळीकडं तीच. म्हणजे इतकी पानं एकच गोष्ट सांगत होती म्हणून ती खरी ठरत नव्हती. एक जण बोलला होता आणि बाकीचे ते पुढं ढकलत होते.

मग इंग्रजीत. अभ्यासाची म्हणवणारी पानं उघडली तर वर जाहिरात, खाली जाहिरात आणि मधे चार ओळी. मोबाईलमधल्या एआयला विचारलं. त्यानं फटाफट अहवालांची नावं दिली, पान क्रमांकासकट. हरखून गेले. मग एकेक शोधायला बसले, तर त्यातले काही अहवाल जगात कुठंच नव्हते. मशीनही मेसेजच फॉरवर्ड करत होतं, फक्त इंग्रजीत आणि अदबीनं. त्याला कुणी गल्ली विचारत नाही.

ग्रंथालयातल्या मॅडमनी एकदाच वर बघून सांगितलं, "कोण म्हणतंय ते सोड. मूळ कागद बघ." एवढं सांगून त्या परत रजिस्टरमध्ये गेल्या. मला तेवढं पुरलं.

मूळ कागद होते. वंशभेदाविरुद्ध देशांनी केलेला एक करार आहे, आपल्या देशानं तो मान्य केलेला आहे आणि तो पाळला जातो की नाही हे बघणारी, जिनिव्हातच बसणारी एक समिती आहे. तिची स्वतःची वेबसाईट आहे. रंग फिकट, अक्षरं बारीक, एकही जाहिरात नाही. प्रत्येक कागदाच्या डोक्यावर एक क्रमांक असतो. अक्षरं, तिरक्या रेघा, आकडे. तो क्रमांक टाकला की कुठूनही तोच कागद उघडतो. पुण्यातून, परदेशातून, आमच्या गावातल्या विहाराच्या पायरीवरून. पायरीवर रेंज आली तर.

तिथं कळलं की एका गोष्टीचे तीन कागद असतात. सरकार आपला अहवाल पाठवतं. लोकांच्या संघटना त्याला समांतर आपला अहवाल पाठवतात. आणि दोन्ही वाचून समिती आपलं म्हणणं लिहिते. मी तिन्ही शेजारी शेजारी उघडून वाचायला लागले. शब्दकोश मांडीवर. एका परिच्छेदाला एक संध्याकाळ जायची. वंश या शब्दात जन्माच्या कुळावरून होणारा भेदही येतो आणि जात त्यात मोडते, असं समितीचं म्हणणं होतं. जात म्हणजे वंश नव्हे, असं आपल्या सरकारचं. संघटनांच्या कागदात पाणी होतं, स्मशान होतं, शाळेत मुलांना वेगळं बसवणं होतं. एका बाईनं सांगितलं होतं की तिला पाणी वरून ओततात. इंग्रजीत लिहिलेलं, पण माझ्या चुलतीनं सांगावं तसं. ते वाचून छातीत काहीतरी हललं. फार नाही. थोडंसं.

खरं मात्र खोट्याइतकं दणदणीत नव्हतं. गुन्हा वगैरे शब्द नाही. समिती चिंता व्यक्त करते, शिफारस करते. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे नुस्तं सांगत्यात?"

"व्हय. नुस्तं सांगत्यात."

"सरपंच न्हाय भिणार ह्याला."

"न्हाय भिणार. पण ह्ये कुणाला खोटं बी म्हणता येणार न्हाय."

आबा म्हणाले, "मग ह्येच धर."

दुसरं सादरीकरण परीक्षेच्या आधी होतं. माझ्या आधी एका मुलाचं झालं. त्यानं एका वेबसाईटवरून सगळं उचललं होतं. छापलेल्या पानांवर लिंकच्या निळ्या रेघासुद्धा तशाच होत्या. सर म्हणाले, "छान. मांडणी चांगली आहे." मग मी. मी एक वाक्य बोलायचे आणि त्याचा कागद पडद्यावर उघडायचे. क्रमांक, परिच्छेद, ओळ. सरकार काय म्हणतं, संघटना काय म्हणतात, समिती काय म्हणते. मेसेज खोटा होता हेही मी सांगितलं. मीच सांगितलं. आवाज सपाट होता. कुणी हसलं नाही.

सरांनी चष्मा काढून पुसला. "चांगलंय," ते म्हणाले. "कुणी करून दिलं?"

"मी केलंय सर."

"तसं नाही गं. मदत कुणाची? एवढं इंग्रजी, एवढे कागद. मलासुद्धा हे शोधायला वेळ लागतो."

"मला बी लागला."

आता वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तास संपला की केबिनमध्ये ये."

मी तिथंच समजून चुकले. चुकलं तर मी गल्लीतली. बरोबर आलं तर मी चोर. तिसरी जागा माझ्यासाठी ठेवलेलीच नव्हती.

केबिनमध्ये सरांनी मला खुर्ची दिली नाही. कोरा कागद पुढं सरकवला. "हमीपत्र लिही. सदर काम मी स्वतः केलेलं आहे, कुणाकडून करून घेतलेलं नाही, तसं आढळल्यास होणारी कारवाई मला मान्य राहील. सही कर. लगेच मी प्रकल्पावर सही करतो. विषय संपला."

त्यांचं पेनही त्यांनी पुढं केलं. उघडून.

मी पेन बघितलं. लिहायचं म्हटलं तर दोन मिनिटांचं काम. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

"बाकीच्यांनी दिलंय?" मी विचारलं.

"काय?"

"हमीपत्र. वर्गातल्या सगळ्यांनी दिलं तर मी बी दीन."

"सगळ्यांचा प्रश्न नाही हा."

"मग माझाच का हाय, सर?"

त्या केबिनमध्ये घरची भाषा मी पहिल्यांदाच बोलले. ठरवून नाही. तीच आली.

सरांनी बोटांनी टेबल वाजवलं. "हे बघ, तुझ्या भल्यासाठी सांगतोय. उद्या कुणी तक्रार केली तर?"

"मग तवा विचारा. आणि असा नियम कुठं लिहिलाय, त्यो कागद मला दाखवा. मी वाचते."

"तू मला नियम विचारतीस?"

"व्हय."

ते माझ्याकडं बघत राहिले. मीही बघत राहिले. आधी त्यांनी नजर खाली वळवली असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही. शिपाई चहा घेऊन आला म्हणून दोघांनी मान वळवली. सर म्हणाले, "सही होणार नाही. जा."

मी पेनाला टोपण घातलं, ते टेबलावर ठेवलं आणि बाहेर आले.

कार्यालयात जाऊन अर्ज दिला. हमीपत्र फक्त माझ्याकडूनच का, कुठल्या नियमानं, याचं लेखी उत्तर द्या, एवढाच मजकूर. क्लार्कनं अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि पोच द्यायला टाळाटाळ केली. मी खिडकीपासून हललेच नाही. मागची पोरं ओरडायला लागली, तेव्हा त्यानं शिक्का मारला.

उत्तर अजून आलेलं नाही. प्रकल्प जमा करायची मुदत संपली. माझी सोडून सगळ्यांची पानं गेली, निळ्या रेघांचीसुद्धा.

आबांना फोन केला. "वर्ष जातंय, आबा."

पलीकडं फळ्या ठोकल्याचा आवाज येत होता, तो थांबला. "दे की लिहून," आबा म्हणाले. "खरंच हाय की तुझं."

"खरं हाय म्हणूनच न्हाय दीत."

पलीकडं ठोकणं परत सुरू झालं. मग म्हणाले, "घरी कवा येतीस?" रागावले होते की नाही, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

मला अजून राग येत नाही. लोक विचारतात, वाईट नाही वाटत? वाटत असेल. कुठंतरी आत पडलेलं असेल, सापडेल तेव्हा सापडेल. त्याची वाट बघत मी थांबलेली नाही. सर दोनदा निरोप पाठवून चुकले. दोन ओळी लिही, मुदत संपली तरी मी जमा करून घेतो म्हणतात. मैत्रीण म्हणते, एवढं काय त्यात.

एवढंच आहे त्यात. अख्ख्या वर्गातून एकटीला बाजूला काढून चोर नसल्याचा कागद मागितला आहे. तो मी देणार नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. पुढच्या वर्षी हाच विषय घेऊन याच दारात परत उभी राहीन, पाहिजे तितक्या वेळा राहीन. माझं काम माझं आहे, हे मी कुणालाही लिहून देणार नाही.