पट्टेदादांची जाळरेषा

हवालदारांना सगळी पलटण पट्टेदादा म्हणायची. नाव कौतुकाने पडलं नव्हतं. अकरा वर्षं सरहद्दीवरच्या चौक्यांत काढून ते या दारूगोळ्याच्या डेपोत आले, आग विझवणाऱ्या तुकडीचे प्रमुख झाले, आणि तेव्हापासून त्यांच्या तोंडी एकच विषय. डेपोच्या तारकुंपणाबाहेर चौफेर साठ पावलं रुंद जमिनीचा पट्टा उघडाबोडका ठेवलेला होता. हीच जाळरेषा. बाहेरचा वणवा इथवर यावा आणि जाळायला काही नाही म्हणून मरावा. तिथे बोटभर गवत दिसलं तरी पट्टेदादा विळा घेऊन हजर. जवान हसायचे. दादा मनात म्हणायचे, हसा लेको, तुमच्या उशाखाली काय ठेवलंय ते माझ्या ध्यानात आहे.

मग नवे कमांडंट साहेब आले. कधीकाळी त्यांनी एखादं झाड लावलं असेल की नाही देव जाणे, पण झाडांवर भाषणं मात्र तोंडपाठ होती. त्यात वरून पत्र आलेलं, सर्वांत हिरव्या छावणीला ढाल मिळणार. साहेबांनी जीपमधून डेपोला एक फेरी मारली आणि पट्ट्यापाशी येऊन नाक मुरडलं.

"हे टक्कल कशाला ठेवलंय?"

"सर, जाळरेषा आहे. आग आली तर—"

"आग लावणार कोण? तुम्ही?" बरोबरचे अधिकारी वेळेवर हसले. "इथे चोवीसशे रोपं लागली पाहिजेत. हिरवं झाड कधी पेट घेतं का, हवालदार?"

झाड हिरवं राहिलं तर, असं दादांच्या ओठांवर आलं होतं. ते म्हणाले, "यस सर." एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे दोन शब्द त्यांना श्वासासारखे जमत होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना त्या शब्दांची किळस आली.

रोपं लागली. नुसत्या जवानांनी लावली असती तर फोटोत शोभा कुठून येणार? म्हणून क्वार्टरमधल्या बायकांनाही बोलावलं. प्रत्येक कुटुंबाला बारा रोपं, प्रत्येक रोपाला पाटी. रोप मेलं तर जाब त्या घराला. पाण्याचा टँकर एकच. तो आता आधी पट्ट्यावर जायचा आणि उरलंसुरलं क्वार्टरला. तीन दिवस नळाला थेंब नाही, अशा मुहूर्तावर साहेबांच्या मॅडमनी कुटुंब मेळावा घेतला. विषय होता, पाणी जपून कसं वापरावं.

दादांची बायको दुसऱ्या रांगेत बसली होती. ती उठून म्हणाली, "मॅडम, जपायला आधी द्या तरी!"

बायका खो खो हसल्या. मॅडमनी चष्मा पुसला आणि भांडी विसळलेलं पाणी रोपांना घालायचा सल्ला दिला.

उन्हं तापली तशी निम्मी रोपं वाळली. टँकरच्या पाण्यावर पोसलं ते गवत. ते गुडघ्यापर्यंत आलं आणि त्याच उन्हात वाळून पिवळं पडलं. गवत कापू द्या म्हणून दादांनी तीन लेखी अर्ज दिले. तिन्ही अर्जांवर एकच शेरा आला: "पाहिले."

पाहणीला मोठे साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी मेलेली रोपं उपटून त्यांच्या जागी कुठून तरी तोडून आणलेल्या हिरव्या फांद्या जमिनीत खोचल्या. दादांच्याच तुकडीकडून. मोठ्या साहेबांनी एका फांदीला हात लावून "छान मुळं धरलीत" असं म्हटल्यावर मागच्या रांगेतले जवान गाल आतून चावत उभे राहिले. ढाल मिळाली. चौथ्या दिवशी फांद्या सुकल्या, पण तोवर फोटो छापून आले होते.

"अहो, आपल्या बाजूचं गवत बघितलंत?" बायको म्हणाली. क्वार्टर पट्ट्याच्या उत्तरेला, मध्ये फक्त रस्ता.

"बघतोय रोज. हुकूम नाही."

"हुकूम आपल्या घरात येऊन राहणार आहे का?"

 रविवारी सकाळी दादा विळा घेऊन एकटेच उत्तरेच्या पट्ट्यात उतरले. तासाभरात बायको आली, तिच्यामागे शेजारणी, खुरपी-कोयते घेऊन. संध्याकाळपर्यंत उत्तरेची बाजू पूर्वीसारखी बोडकी झाली. पाट्यांसकट रोपं आणि खोचलेल्या फांद्या मिळून दोनशे चौदा निघाल्या. त्यातली जिवंत रोपं एकोणीस. ती बायकांनी क्वार्टरच्या परसात नेऊन लावली.

सोमवारी साहेबांनी दादांना उभं केलं. "शासकीय वनसंपदेचा नाश," ते म्हणाले. मेलेल्या काटक्यांना इतकं भारदस्त नाव दादांनी पहिल्यांदाच ऐकलं. सेवापुस्तकात ताशेरा पडला, नायब सुभेदारपद हुकलं. महिन्याभराने साहेब बढती घेऊन गेले, ढालीसह फोटो काढून.

नवे कमांडंट येऊन आठवडा झाला नसेल, भर दुपारी गोळीबाराच्या मैदानाकडून धूर उठला. वारा डेपोकडे होता. दक्षिण आणि पश्चिमेच्या पट्ट्यांत वणवा असा घुसला, जणू कुणी त्याला पायघड्याच घातल्या होत्या. पहारेकऱ्यांची खोली जळाली. दादांच्या तुकडीने दोन पंपांनी आग कुंपणाशी रोखली, कोठारापासून चाळीस पावलांवर. दोन जवान भाजले. उत्तरेला मात्र पश्चिमेकडून सरकत आलेल्या ज्वाळा साफ केलेल्या पट्ट्याच्या कडेपर्यंत आल्या, क्षणभर घुटमळल्या आणि बसल्या. रस्त्यापलीकडे बायका पोरांना कडेवर घेऊन उभ्या होत्या.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला: नैसर्गिक कारण, अतिउष्ण हवामान. जाळरेषा पुन्हा साफ करण्याचा हुकूम निघाला, नव्या साहेबांच्या सहीने, नव्या कल्पनेच्या थाटात.

"सर, माझा ताशेरा?" दादांनी विचारलं.

नवे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्क म्हणाला, "ती फाईल वनीकरणाची, सर. ही आगीची. एकमेकींशी संबंध नाही."

 दादा कडक सलाम ठोकून बाहेर पडले. त्याच आठवड्यात त्यांनी निवृत्तीचा अर्ज टाकला.

हल्ली ते एका लाकडाच्या वखारीत पहाऱ्याला असतात. पहिल्याच दिवशी मालकाने फळ्यांचा ढीग बॉयलरशेजारी रचायला सांगितला. दादांनी अर्ज केला नाही, "यस सर"ही म्हटलं नाही. माणसं लावून ढीग पार दुसऱ्या भिंतीला नेला आणि मग मालकाला सांगायला गेले. मालक तणतणला. दादा शांतपणे म्हणाले, "काढायचं असेल तर मला काढा. ढीग तिथेच राहील."

ढीग तिथेच आहे. दादाही.